आकाश कुमार यांची शोकसभा आणि न्हाणीची कडी

“त्या वरच्या न्हाणीची कडी खुळी हाय गं,” गौराबाईंनी निशिगंधाला जिन्यात गाठून सांगितलं होतं. “आदीच्या भाडेकरूची बायको सकाळी आंघोळीला आत गेली ती दुपारी सुतारानं भायेर काढली. त्या म्हाताऱ्याला म्हणावं, दार नुस्तं लोटून घ्या, कडी घालू नगा. तुज्या डोक्यावरच राहतोय, तूच सांग.”

निशिगंधाने मान हलवली आणि सांगितलं नाही.

आता यात आपलं काय चुकलं, असं ती अजूनही विचारते. परक्या पुरुषाशी त्याच्या न्हाणीघराविषयी बोलायला सुरुवात कुठून करायची? ‘नमस्कार, आपण आंघोळ करता का?’ इथून? शिवाय त्या माणसावर तिचा संशय होता. ज्याच्यावर संशय आहे त्याला सावध करायचं नसतं, हे कुणीही सांगेल.

आणि निशिगंधाचा संशय म्हणजे काही पाणवठ्यावरच्या बायकांचा ऐरागैरा संशय नव्हे. ती सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. झालेली होती. जे डोळ्यांना दिसत नाही तेच जास्त घातक, हे ती सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून शिकली होती. लेक तेजस्वी जन्मल्यापासून तर तिला सूक्ष्मदर्शकाचीही गरज उरली नव्हती. दूधवाल्याचं माप, बागेतल्या झोपाळ्याची साखळी, पाळणाघराच्या बाईंचं अति गोड बोलणं, सगळं तिला लांबूनच मोठं होऊन दिसायचं. नवरा ऋतुराज म्हणायचा, “तू पोलिसात जायला हवी होतीस.” ती म्हणायची, “तुम्ही असे निवांत, म्हणून मला जावं लागणार आहे.” आणि ती खरंच गेली, पण ते पुढे.

रंकाळ्याच्या मागच्या अंगाला असलेल्या शिवतेज अपार्टमेंटमध्ये निशिगंधाच्या बरोबर वरच्या घरात हे आकाराम तात्या राहायला आले. म्हणाले, “मूळचा शाहूवाडीकडचा. पोरगा असताना मुंबईला गेलतो, आता परत आलोय.” काय काम करत होतात विचारलं तर म्हणाले, “माणसं जोडायचं.” हे काय उत्तर झालं? फेव्हिकॉलचा कारखाना होता की वधूवर सूचक मंडळ?

पुरावे मात्र भराभर जमत गेले. चैत्रात गळ्याला मफलर. कुणी पाहुणा नाही, रावळा नाही. संध्याकाळी गॅलरीत उभं राहून दोन्ही हातांच्या बोटांची चौकट करायची आणि तीतून एक डोळा मिटून खाली खेळणाऱ्या तेजूकडे बघायचं. माप घेतल्यासारखं. कशाचं माप? निशिगंधाने तेजूला हाक मारून आत घेतलं. भरीला ते दिसेल त्या जोडप्याला एकच प्रश्न विचारायचे. जिन्यात ऋतुराजला विचारलं, “तुम्ही यांना पहिल्यांदा कुठं बघितलं?”

“वधूवर मेळाव्यात. जेवणाच्या रांगेत.”

“वा! रांगेत! पाऊस होता?”

“नाही. पंखापण बंद होता.”

“झकास,” म्हणून म्हातारा खूश होऊन वर गेला. पंखा बंद असण्यात झकास काय आहे? निशिगंधाने त्याच दिवसापासून वरच्या घराच्या कचऱ्याच्या पिशवीकडे लक्ष ठेवायला सुरुवात केली. तीत शुगरच्या गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या सापडल्या. म्हणजे मधुमेह. म्हणजे दिसतो तितका म्हातारा तंदुरुस्त नाही. म्हणजे पळून जाऊ शकणार नाही. तिने मनात नोंद करून ठेवली.

मग एका संध्याकाळी जिन्यावरून तात्यांचं फोनवरचं हिंदी तिच्या कानावर पडलं. मराठीत सांगायचं तर ते म्हणत होते, “बापाला शेवटपर्यंत कळता कामा नये. मुलगी एकदा गाडीत बसली की आपलं काम झालं.”

तेजूला काखोटीला मारून निशिगंधा तडक पोलीस चौकीत.

तिथले हवालदार उदयसिंह चहा पीत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मफलर, बोटांची चौकट, पंखा.

“ताई, त्यांनी केलंय काय?”

“काहीच नाही. तेच तर संशयास्पद आहे.”

“कसं हाय ताई,” हवालदार बशी खाली ठेवत म्हणाले, “म्हातारा बघतोय म्हणून गुन्हा नोंदवाय लागलो, तर रंकाळ्यावरची समदी बाकडी उचलून कोठडीत आणाय लागत्यात. भाडेकरूची पडताळणी घरमालकानं करायची असत्या. मालक कुठं असतोय?”

“आजऱ्याला. काजूचा कारखाना आहे.”

“मग आजऱ्याच्या ठाण्यात जावा.”

“पण भाडेकरू कोल्हापुरात आहे!”

“मालक आजऱ्यात हाय की.” एवढं बोलून त्यांनी तेजूच्या हातात बिस्कीट दिलं. निशिगंधाने ते बाहेर आल्यावर काढून घेतलं. सरकारी असलं तरी उघडं होतं.

सरकारने हात झटकले की सुशिक्षित नागरिकाला स्वतः हालचाल करावी लागते. शनिवारी संध्याकाळी तात्या गॅलरीत उभे असताना तिने खालून, वाळत घातलेल्या कपड्यांच्या आडून, फोटो काढला आणि इमारतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, ‘ही व्यक्ती आपल्या इमारतीत राहत होती असे समजते. कोणास माहिती असल्यास कळवावे.’ ‘राहते’ लिहिण्याऐवजी ‘राहत होती’ का लिहिलं, तर ते जास्त अधिकृत वाटलं म्हणून. मग फोन चार्जिंगला लावून ती पोरीला झोपवायला गेली.

इथे ग्रुपची रीत सांगायला हवी. शिवतेज अपार्टमेंटच्या ग्रुपवर हात जोडलेलं चित्र फक्त दोनच प्रसंगी टाकतात. पाण्याचा टँकर आला की, किंवा कुणी गेलं की. गौराबाईंचा पुण्यातला मुलगा फोटो बघून म्हणाला, ‘अरे, हे तर दिग्दर्शक आकाश कुमार!’ त्यावर त्याचे वडील, म्हणजे इमारतीचे सेक्रेटरी मल्लाप्पा, एवढा मोठा माणूस आपल्या इमारतीत या आदराने भारावले आणि त्यांनी हात जोडले. त्या दिवशी टँकर यायचा नव्हता. मग दुसऱ्याने हात जोडले. तिसऱ्याने ‘ओम शांती’ लिहिलं. चौथ्याने मेणबत्ती. पाचव्याने ती मेणबत्ती उचलून पेठेतल्या तरुण मंडळाच्या ग्रुपवर नेली.

रविवारी सकाळी निशिगंधा दूध आणायला खाली आली तर फाटकासमोर दोन मजली फलक. ‘हिंदी चित्रपटसृष्टीतील प्रेमाचा बादशहा, दिग्दर्शक आकाश कुमार यांना भावपूर्ण श्रद्धांजली.’ एका कोपऱ्यात कैलासवासी. उरलेल्या जागेत शोकाकुल मंडळी, आणि त्यांत सगळ्यांत मोठे, गॉगल घालून शोक करणारे, मंडळाचे अध्यक्ष यशराज.

ती दूध न घेताच मागे फिरली. म्हणजे तो म्हातारा चोर नव्हता, पोरं पळवणारा नव्हता. आणि आता तो नव्हताच.

घरात तर हाहाकार. सासूबाई, शालूबाई, डोळ्याला पदर लावून बसल्या होत्या. “नेसरीस्नं गडहिंग्लजला एष्टीनं जाऊन ‘चिनार के उस पार’ बघितलाय आमी. तुजं सासरं आनि मी. माणूस डोक्यावर राहत हुता, आनि तू मला पोहं द्यायला बी सोडलं न्हाईस गं! म्हणं, संशयित हाय!”

“आई, मला काय माहीत?”

“तुला कचऱ्यातलं समदं म्हाईत असतंय की.”

निशिगंधाचं डोकं मात्र चालूच होतं. साथ कुठून आली हे शोधायचं तर मागे मागे जात पहिला रोगी गाठायचा, हे तिला शिकवलेलं. तिने फोन उघडला आणि ग्रुप उलटा वाचत गेली. मेणबत्ती, ओम शांती, जोडलेले हात, पुण्याचा मुलगा, आणि त्याच्यावर… ती स्वतः. म्हणजे माणूस गेल्याची बातमी कुणीच दिलेली नव्हती! ती पळत खाली गेली आणि फलक नीट बघितला. कैलासवासींच्या खांद्यापुढे पिवळं काहीतरी फडकत होतं.

खाली मंडप पडला होता. कर्ण्यावर आकाश कुमारांच्या सिनेमांतली गाणी सुरू होती, एवढी मोठ्यांदा की बर्फातल्या नायिकेला घाम फुटावा.

“यशराज, हा फोटो कुठून आणला?”

“मुंबईसनं आलाय वैनी.”

“हा माझ्या तेजूचा फ्रॉक आहे.”

“मुंबईतबी असत्यात की वैनी फ्रॉकी.”

“अरे, हा फोटो मी काल काढलाय! माणूस जिवंत असेल!”

यशराजने मंडपाकडे, खुर्च्यांकडे, कर्ण्याकडे बघितलं आणि अत्यंत व्यावहारिक स्वरात म्हणाला, “वैनी, नगरसेवक निघाल्यात घरातनं. आता जिवंत हाय म्हणून कसं चालंल?”

“वर जाऊन बघितलं का?”

“बघितलं की. बेल मारली, दार वाजीवलं. कोन उघडत न्हाय. मजी गेल्यात.”

“मग देह कुठे आहे?”

“मोठी मानसं, वैनी. रातोरात विमानानं नेत्यात.”

आता निशिगंधाला आठवलं, सकाळी उठल्यापासून वरून ठाक ठाक आवाज येत होता. तिने तेव्हा ऋतुराजला सांगितलंही होतं, “वर भिंतीत काहीतरी पुरतायत.” तो पेपरातून मान वर न काढता म्हणाला होता, “खिळा ठोकत असतील.” मग कर्णे सुरू झाले आणि आवाज बुडाला.

गाणी थांबली. शोकसभेला सुरुवात झाली. शालूबाई पहिल्या रांगेत. यशराजने माईक हातात घेतला, मोबाईल डोळ्यांसमोर धरला आणि कैलासवासींची कारकीर्द वाचायला घेतली.

“आकाश कुमार यांचा जन्म लखनौला एका नवाबी घराण्यात झाला.”

ठाण्! इमारतीच्या मागच्या लोखंडी पाइपातून आवाज आला.

“त्यांचा पहिला पिक्चर ‘चिनार के उस पार’.”

ठाण्!

“त्यांनी एकंदर चार लग्नं केली.”

ठाण् ठाण् ठाण् ठाण्!

“त्यांचे सगळेच्या सगळे पिक्चर सुपरहिट झाले.”

शांतता.

शालूबाईंनी शेजारणीच्या कानात कुजबुजलं, “खोटं हाय. ‘दो छतरियाँ’ पडलाता. टाकीजमधी आमी धरून इन मिन चार मानसं हुतो.” पण पाइप गप्पच होता.

निशिगंधाने पाइपाकडे बघितलं. संशय येणं वेगळं आणि सिद्ध होणं वेगळं. प्रयोग करायला हवा होता. ती सरळ व्यासपीठावर चढली आणि यशराजच्या हातातून माईक घेतला. “दिग्दर्शकांचं मूळ गाव,” ती म्हणाली, “शाहूवाडी तालुक्यात होतं.” पाइप शांत. तिने श्वास घेतला. “क्षमा करा, चुकलं. ते मूळचे सांगलीचे.”

जो काही ठणठणाट झाला तो त्या पेठेने पूर्वी कधी ऐकला नव्हता. पाइप भिंतीतून उपटून येतो की काय असं वाटलं. एवढ्या पोटतिडकीने हे नाकारणारा माणूस कोल्हापूरचाच असणार, आणि जिवंतच असणार.

“न्हाणीची कडी!” गौराबाई किंचाळल्या. “यव्वा! मी सांगितलं हुतं की गं तुला!”

निशिगंधाने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं, कारण तिला त्याच क्षणी कचऱ्यातल्या पट्ट्या आठवल्या होत्या. शुगरच्या गोळ्या घेणारा माणूस, सकाळपासून आत, पोटात काही नाही. आवाजही आता विरळ होत चालला होता. ती मल्लाप्पांकडे धावली. वरच्या घराची जादा किल्ली त्यांच्याकडे असे.

“किल्ली हाय,” मल्लाप्पा शांतपणे म्हणाले. “पण भाडेकरूच्या घरात शिरायचं म्हटल्यावर मालकाची परवानगी पाहिजे. कमिटीचा ठराव पाहिजे. मागच्या सभेत तूच आग्रह धरलीस न्हवं, सुरक्षेसाठी?”

हे खरं होतं. नियम तिनेच करून घेतला होता. आजऱ्याला फोन लावला तर मालक ‘संपर्क क्षेत्राच्या बाहेर’. “फिरत्या सह्या घेऊ या,” मल्लाप्पा म्हणाले आणि पेन शोधू लागले.

तेवढ्यात शालूबाई उठल्या. त्यांनी मल्लाप्पांच्या समोर जाऊन फक्त हात पुढे केला. “मल्लाप्पा, द्या.”

मल्लाप्पांनी दिली. ठरावाला विरोध करता येतो, शालूबाईंना नाही.

निशिगंधा वाटेत स्वतःच्या घरात घुसली, डब्यातला गुळाचा खडा आणि ओट्यावरचं उलथणं घेऊन तीन तीन पायऱ्या चढत वर गेली. मागून सासूबाई, गौराबाई आणि सगळी शोकाकुल मंडळी. घर उघडलं. न्हाणीचं दार आतून बंद. आतून क्षीण आवाज आला, “कोण?”

“मी खालची. निशिगंधा. तात्या, बरे आहात ना? घाम येतोय का? हात थरथरतात का?”

“थोडे,” आवाज म्हणाला. “सकाळपासनं ओरडतोय, बाई. पण माझीच गाणी लावली होती ना खाली. माझ्याच गाण्यांनी माझा आवाज दाबला.”

“तांब्याने पाइप वाजवत होतात?”

“आधी तांब्यानं. मग कानाला यायला लागलं माझ्याबद्दल काय काय. मग रागानं.”

यशराजने बाह्या सरसावल्या. “सरका, खांदा मारतो. त्यांच्या पिक्चरमधी हिरो एका धडकेत दार तोडतोय.”

“नको रे बाबा,” आतून आवाज आला. “ती दारं थर्माकोलची असायची.”

निशिगंधाने उलथण्याचं पातं दाराच्या फटीत सरकवलं आणि कडी चाचपायला लागली. पातं लागायचं, निसटायचं. आतला आवाज मध्येच थांबला. “तात्या, बोलत राहा!” ती ओरडली. उत्तर आलं नाही. तिने सासूबाईंकडे बघितलं. “आई, तुम्ही बोला. काहीही बोला.”

शालूबाई दाराशी आल्या. एवढ्या माणसांत त्यांना लाज वाटली, पण त्यांनी पदर सावरला आणि दाराला तोंड लावून म्हणाल्या, “मी नेसरीची शालू. आमच्या मालकांनी आख्ख्या जल्मात चारचौघांत माजा हात एकदाच धरला. तुमच्या पिक्चरात. त्यो बरफ पडाय लागल्यावर.”

आत हालचाल झाली. “तो बर्फ नव्हता हो, बाई,” आवाज म्हणाला. “पैसे संपलेले. मीठ पाडलं वरनं.”

“असू द्या की,” शालूबाई म्हणाल्या. “हात खरा हुता.”

आतून नाक ओढल्याचा आवाज आला. त्याच वेळी उलथणं कडीच्या खाली बसलं, निशिगंधाने दोन्ही हातांनी उचललं आणि कडी खट्कन वर गेली.

प्रेमाचा बादशहा पंचा गुंडाळून, मफलर घालून, हातात चेपलेला तांब्या घेऊन उभा होता. त्याचे ओठ पांढरे पडले होते. निशिगंधाने गुळाचा खडा त्याच्या तोंडात घातला. त्याला खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं, आणि रंग परत येईपर्यंत त्याच्या मनगटावरचा हात सोडला नाही. जरा तरतरी आल्यावर तो पहिलं वाक्य यशराजला बोलला, “‘चिनार’ माझा तिसरा पिक्चर. आणि लग्न एकच. तेही टिकलं नाही. लिहून घे.”

खाली मंडप, खुर्च्या आणि नगरसेवक वाया घालवणं कोल्हापूरच्या स्वभावात बसत नाही. फलकावरच्या ‘श्रद्धांजली’वर कागद चिकटवून ‘सत्कार’ लिहिण्यात आलं. ‘भावपूर्ण’ होतं ते तसंच ठेवलं. फोटोचा हार काढून माणसाला घालण्यात आला. तात्यांनी त्याचा वास घेऊन बघितला आणि म्हणाले, “ताजा आहे. मुंबईत एवढाही मिळाला नसता.”

रात्रीच्या जेवणाला शालूबाईंनी त्यांना खाली आणलं. तांबडा रस्सा वाढताना निशिगंधाने मान खाली घालून विचारलं, “ती मुलगी… गाडीत बसणारी?”

“शेवटचा पिक्चर लिहितोय. त्यातली. बापाला न सांगता निघालीय.”

“आणि बोटांची चौकट?”

“ती तुमच्यासाठी. पोरगी खेळत असते, तुमचा एक डोळा तिच्यावर, एक फाटकावर, आणि तिसरा माझ्यावर. जन्मभर प्रेमात पडणारी माणसं दाखवली, पण असं कुणावर लक्ष ठेवणारं माणूस एकदाही दाखवलं नाही. म्हटलं, बघून घ्यावं.”

“म्हणजे तुम्हाला माहीत होतं, मी…”

“कचऱ्याची पिशवीसुद्धा माहीत होती. मी ती गाठ मुद्दाम सैल मारायचो.” तात्या हसले. “बरं वाटायचं. मुंबईत हल्ली माझा कुणी संशयसुद्धा घेत नाही.”

ऋतुराजला जोराचा ठसका लागला. शालूबाईंनी सुनेकडे बघितलं आणि तात्यांना आणखी रस्सा वाढला.

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण पिक्चर लिहून झाला तसे तात्या घर सोडून शाहूवाडीकडे, आपल्या जुन्या गावात, एकटेच राहायला गेले. जाताना निशिगंधाने त्यांना ते उलथणं दिलं आणि रोज सकाळी आंघोळ झाल्यावर निरोप टाकायची अट घातली. ते टाकायचेही. ‘झाली.’ एवढाच. काल आणि आज मात्र आलेला नाही. ऋतुराज म्हणतो, डोंगरात रेंज नसेल. मल्लाप्पा म्हणतात, ठराव करू. उदयसिंह हवालदार म्हणतात, शाहूवाडीच्या ठाण्यात जावा. निशिगंधाला या तिन्ही उत्तरांचा संशय येतो. उद्या पहाटेची एसटी ती पकडणारच आहे, तेजूला आणि सासूबाईंना घेऊन. पण एसटी पोचायला वेळ लागतो, आणि हे वाचणारं कुणीतरी त्याच अंगाला राहत असेल.

तर बाबांनो, गावाच्या वरच्या आळीत, कौलारू घरात, मफलरवाला एक म्हातारा आहे. जाऊन हाक मारा. उत्तर आलं नाही तर तो मूळचा सांगलीचा आहे असं मोठ्यांदा म्हणा, आणि ऐका. तरीही काही ऐकू आलं नाही तर थांबू नका. कडी खालून वर उचलावी लागते. आणि खिशात गूळ घेऊन जा.